कुंभाराचे गाढव आणि गाडीचा फ्यूज

कारण कशाला म्हणावे, या वादात नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, एका गाढवाला अमर करून ठेवले आहे. मडके घडायला माती हवी, चाक हवे, दांडा हवा, कुंभार तर हवाच. पण ती माती गाढवाच्या पाठीवरून आली, म्हणून गाढवही मडक्याचे कारण मानायचे का? सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांचा ‘भाषापरिच्छेद’ गाढवाला बाहेर काढतो. ते हजर होते हे खरे, पण त्याच्यावाचून काही अडत नव्हते. माती बैलगाडीतूनही आली असती. अशा फुकट हजेरीला शास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

भर पावसात फ्यूज उडून गाडीचा वायपर बंद पडला की हाच वाद रस्त्याच्या कडेला सुरू होतो. अमावास्येला निघायलाच नको होते, असे मागच्या सीटवरून कोणी म्हणते. कालच गाडी धुऊन आणली, दुसऱ्याला आठवते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि दोष कावळ्यावर जातो.

न्यायदर्शन दैव नाकारत नाही, हे इथे सांगायला हवे. जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता असलाच पाहिजे, असा ईश्वरसिद्धीचा युक्तिवाद उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त केला. पण ईश्वर, काळ, दिशा आणि अदृष्ट (पूर्वकर्मांचे पुण्य-पाप) ही प्रत्येक कार्याची साधारण कारणे आहेत, असे हीच परंपरा सांगते. गुंता इथेच सुटतो. अमावास्या वायपरच्या फ्यूजला होती, तशी शेजारच्या शाबूत राहिलेल्या फ्यूजनाही होती. अदृष्ट दोन्हीकडे सारखेच. मग हाच का उडाला? त्यासाठी असाधारण कारण शोधावे लागते, आणि ते शोधल्याने श्रद्धेला धक्का लागत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्यानेही बोनेट उघडायला हरकत नाही.

तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी. फ्यूजची एक पेटी बहुधा स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या कडेला असते, दुसरी बोनेटखाली बॅटरीजवळ. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणावरच्या किंवा गाडीसोबत आलेल्या पुस्तकातल्या तक्त्यात सापडते; हे झाले शब्दप्रमाण, म्हणजे जाणकाराच्या शब्दावरून कळणे. मग प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहणे. पेटीत अनेकदा प्लॅस्टिकचा छोटा चिमटा ठेवलेला असतो. त्याने फ्यूज सरळ वर ओढून उजेडात धरावा. आतली धातूची पट्टी तुटलेली दिसली की निदान झाले असे वाटते.

झालेले नसते. त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घातला की वायपर फिरतो, काढला की थांबतो. हा अन्वय-व्यतिरेक चोख आहे, पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की विजेची वाट तिथे तुटली होती. फ्यूजचे उडणे स्वतःच एक कार्य आहे. पट्टी वितळली, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला, हे अनुमान बहुतेक वेळा बरोबर ठरते (जुना फ्यूज हादऱ्यांनीही तुटतो, म्हणून ‘बहुतेक’). पण प्रवाह का वाढला? वायपरची मोटर अडकली असेल, वायरचे आवरण घासून ती बॉडीला टेकत असेल. चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज उडाला असेल, तर आत पडलेले नाणेही पाहावे. धुरावरून अग्नी कळतो. मात्र अग्नीवरून धूर सांगता येत नाही, त्याला ओले सरपण लागते, असे न्यायग्रंथ बजावतात. तेवढीच सावधगिरी इथे हवी.

आणि इथेच सगळ्यात वाईट उपाय सुचतो: १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज, किंवा चांदीच्या कागदाची घडी. फ्यूज वायपरच्या रक्षणासाठी आहे असे समजून हे केले जाते. खरे तर तो मुख्यतः वायर जपतो. वायर जेवढा प्रवाह सोसते, त्याच्या आत त्याचा आकडा ठरवलेला असतो. १२ व्होल्टवर १०० वॉटचे दोन बल्ब १६ अँपिअरहून जास्त ओढतात. हेडलाइटला मूळचे ६० वॉटचे बल्ब काढून असे बल्ब लावले आणि दोन्हींना मिळून १५ चा एकच फ्यूज असला, तर तो उडणारच. तो खोटे बोलत नाही. मोठा फ्यूज बसवणारा कारण दूर करत नाही, कारण कळवणारे लिंग, म्हणजे खूण, तेवढी पुसतो. यापुढे तापते ती आवरणाआडची वायर, आणि ती पेटू शकते.

रंग पाहिले की गोंधळ टळतो: नेहमीच्या पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. रंगाबरोबर वर छापलेला आकडाही वाचावा. एअरबॅगचा फ्यूज आणि विजेवरच्या गाडीतल्या केशरी केबल यांना घरच्या घरी हात लावू नये. नवा घातलेला फ्यूजही लगेच उडाला, तर आणखी एक घालून पाहू नका. गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि ‘फ्यूज बदला’ असे न सांगता ‘शॉर्ट कुठे आहे ते शोधा’ असे सांगा.