पावतीपुरता सभासद

मंडळाची बैठक म्हटली की चित्र ठरलेलं. ग्रुपवर निरोप पडतो, ‘रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी अगत्याने उपस्थित राहावे.’ खाली भराभर अंगठे उमटतात. रविवारी सतरंजीवर तेच नेहमीचे सात-आठ जण, आणि तेही अर्धा वेळ न आलेल्यांच्या नावानं बोटं मोडण्यात घालवतात.

सांगली-साताऱ्याकडे मंडळांना तोटा नाही. गणेश मंडळ, भजनी मंडळ, महिला मंडळ, आणि या सगळ्यांच्या आधीपासूनची तालीम. कित्येक गल्ल्यांत तालमीचंच पुढं मंडळ झालं. कुस्तीच्या हौदावर फरशी बसली, नाव तेवढं पाटीवर राहिलं. गेलं ते मात्र मोलाचं होतं, कारण तालमीत नुसता सभासद कुणी नसायचाच. पहाटे पोरगं आलं की वस्ताद आधी त्याच्या हातात फावडं द्यायचे. हौदातली लाल माती खालीवर करायची, खडे वेचायचे, मग जोर-बैठका. मातीत काव, हळद, तेल, लिंबू, ताक पडायचं आणि ते कुणाच्या ना कुणाच्या घरून यायचं. ज्याच्या दावणीला म्हैस, त्याच्याकडून ताक. गुडघे धरलेला म्हाताराही कट्ट्यावर बसून पोरांचे जोर मोजायचा. त्यालाही काम होतं, म्हणून तो रोज यायचा.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव याच मातीतले. 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. गावानं आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण ठेवून 7 हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. तो आकडा सगळे कौतुकानं सांगतात. मला त्यातला गाडीवान दिसतो. त्यानं बैल धुतले असतील, झूल घातली असेल, शेतातला दिवस मोडला असेल. पदकात त्याचा वाटा होता आणि तो त्याला ठाऊक होता. (पुढं खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून खर्डेकरांचं घर सोडवलं. घेतलेल्या वर्गणीचा असा हिशेब आज कितीजण देतात, हे विचारायची सोय नाही.)

वर्गणी तेव्हाही होती, आजही आहे. आज मात्र पावती फाडली की आपलं कर्तव्य संपलं असं देणाऱ्याला वाटतं, आणि घेणाऱ्यालाही तेच सोयीचं पडतं. खरी अडचण इथं आहे. अध्यक्ष, खजिनदार आणि दोन धावपळे कार्यकर्ते सगळी कामं अंगावर घेतात, मग वर्षभर ‘कुणी येत नाही’ म्हणून कुरकुरतात. अहो, यायचं कशाला? खुर्चीत बसून तुमचे ठराव ऐकायला? हाताला काम दिलं की माणूस टिकतो, ही गोष्ट भजनी मंडळाला कुणाला शिकवावी लागली नाही. पखवाज एकालाच येतो, पेटी एकालाच. पण टाळ कितीही असू शकतात. नवा माणूस दारात दिसला की त्याच्या हातात टाळ देतात. टाळ हाती असलेला माणूस मधेच उठून जात नाही.

आणि काम द्यायचं तर दारात जाऊन द्यावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी वाचायचं, मोठ्यांनी बोलायचं. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. नुसत्या भोंग्यानं काही झालं नसतं. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, उंबऱ्यावर बसून बोलले, तेव्हा गाव हललं. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांना असतो, म्हणून तो कुणालाच नसतो. ‘काका, मांडवाच्या वायरिंगकडं तुम्ही बघा, तुमच्याशिवाय कळणारं कुणी नाही,’ असं दारात जाऊन सांगितलं की काका पक्कड घेऊन निघतात.

न येणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. वरवर टाळणारे सगळेच वाईट नसतात. पुष्कळांना आपण गेलो काय न गेलो काय, सारखंच वाटतं. ते खरंही असेल. पण काम मागायला कमीपणा कसला? यंदा वर्गणीची पोरं दारात आली की पैसे द्याच, आणि पावती खिशात घालण्याआधी विचारा, ‘मी काय करू?’ पोरं गडबडतील, एकमेकांकडं बघतील. तरी विचारा.