गारवा कोणाच्या वाट्याचा?

उन्हाळ्यात वीज वाचवण्याचा विषय निघाला की बोलणे एक तर बिलावर येते, नाही तर त्यागावर. दोन्हीकडे विचार स्वतःपुरताच राहतो: माझा पैसा, माझा संयम. पतंजलींच्या पाच यमांपैकी इथे सहसा अपरिग्रह, म्हणजे गरजेबाहेर न साठवणे, आठवला जातो. माझ्या मते लागू पडते ते अस्तेय, म्हणजे चोरी न करणे. एसी गारवा निर्माण करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळतो. दाट वस्तीत ती झळ ज्या खिडकीवर आदळते, तिच्याआड बहुधा एसी न परवडणारे कुटुंब राहते. वीजही मुख्यतः कोळशाची. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. उन्हाळ्यात जिथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्या शहराने धूर आणि राख सोसायची, तेव्हा दूरच्या शहरांतल्या खोल्या थंड होतात. न विचारता दुसऱ्याच्या वाट्याचे घेणे याला आपली परंपरा चोरीच म्हणते.

‘बिल भरतो, मग चोरी कसली?’ असे कोणी विचारील. पण बिलात कोळसा येतो, तारा येतात. शेजारच्या भिंतीला लागलेली झळ आणि चंद्रपूरकरांच्या छातीत गेलेला धूर येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उष्मा जीव घेतो. २०१० च्या लाटेत अहमदाबादने ते भोगले आणि २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती आराखडा आखला. म्हणून तान्हे मूल, म्हातारे माणूस किंवा आजारी माणूस यांच्यासाठी चालणाऱ्या एसीला कोणी दोष देऊ नये. गरज भागवणे ही चोरी नव्हे. यंत्र १८ अंशांवर ठेवून अंगावर रजई ओढणे मात्र गरजेत बसत नाही. २०२० पासून नव्या एसींचे मूळ तापमान २४ अंश ठरवले गेले आहे, आणि दर अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, दीड टनी एसी दीड हजाराच्या. नागपूरच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या आणि कूलर पुरतात. दमट मुंबईत ते चालत नाहीत, तिथे गच्चीला पांढरा चुना, खिडकीबाहेर सावली आणि रात्रीचे वारे कामी येतात.

‘मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उधळत असताना माझ्या एका खोलीने काय होणार?’ हा तिसरा आक्षेप. त्या कचेऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे, पण मोठा चोर मोकळा फिरतो म्हणून लहान चोरी निर्दोष ठरत नाही. तेव्हा क्रम असा असावा: आधी सावली, मग वारा, मग पंखा, आणि एवढ्याने भागले नाही तरच यंत्र, तेही गरजेपुरते. बटण दाबण्यापूर्वी यंत्राची बाहेरची पेटी कोणाच्या खिडकीसमोर आहे, एवढे तरी प्रत्येकाने पाहावे.