चुन्याचा श्वास

भोपाळच्या श्यामला टेकडीवर, भारत भवन या कलाकेंद्राच्या पायऱ्यांवर बसा. तिथे गेला नसाल तर मनानेच बसा. संध्याकाळ आहे, खाली मोठा तलाव आहे.

ही इमारत समोर उभी राहत नाही. गच्चीवरून चौकात, चौकातून दालनात आपणच उतरत जातो. 13 फेब्रुवारी 1982 रोजी तिचं उद्घाटन झालं. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी टेकडीचा उतार मोडला नाही. दालनांचं छप्पर हीच लोकांची बसण्या-भटकण्याची जागा केली. साहजिकच पावसाळा इथे थेट माथ्यावर येऊन बसतो.

आता डोळे मिटा. श्वास सोडा. सोडलेल्या हवेच्या मागे मनाने जा, पार चुन्यापर्यंत.

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कळीचा चुना उरतो. पाण्यात विझवताना तो फसफसतो, उकळतो, मग लोण्यासारखा मऊ होतो. भिंतीवर चढल्यावर हवेतला तोच वायू सावकाश परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. याच तलावाकाठी भोपाळची राज्यकर्ती कुदसिया बेगम हिचा गोहर महाल आहे, 1820चा. त्याच्या चुन्याने किती पिढ्यांचे उच्छ्वास मुरवले असतील!

काँक्रीटमध्येही हाच वायू शिरतो. पण तिथे आत लोखंडी सळ्या असतात. काँक्रीटची क्षारता त्यांना गंजापासून राखते आणि वायू ती क्षारता खात जातो. मग ओल पोचली की सळई गंजते, फुगते, वरचा पापुद्रा ढकलून देते. चुना ज्या हवेने पिकतो, त्याच हवेने काँक्रीट म्हातारं होतं.

इथे थोडं थांबा. घाई नाही.

चाळिशी ओलांडलेल्या अशा काँक्रीटच्या वास्तूला सरसकट चुना फासा, असं मी म्हणणार नाही. तो भाबडेपणा झाला. सळईचं दुखणं सळईपाशीच बघावं लागतं: पोकळ भाग ठोकून काढायचा, गंज घासायचा, मग भरायचं. गच्चीची गोष्ट वेगळी. तिथे जुना चुन्याचा कोबा अजून कामाला येतो.

तो डोळ्यांपुढे आणा. विटांचे तुकडे उतार धरून मांडलेले. वर घाण्यात मळलेला चुना नि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. गूळ आणि बेलफळ भिजवलेलं पाणी शिंपडलं जातंय, त्याचा आंबूस-गोड वास. माणसं ओळीने उकिडवी बसून लाकडी थाप्यांनी ठोकताहेत. थप, थप, थप. घाई केली तर कोबा तडकतो, म्हणून तीच जागा उद्या पुन्हा. तुमचा श्वास त्या ठेक्यावर येऊ द्या.

ठोकणं संपलं. कोबा मुरला. आता कडेने मातीचे बांध घालून गच्चीवर पाणी साठवलंय.

चला, आपण खाली दालनात उतरू. मान वर करून, छतातून ओल उतरते का ते पाहत, थोडा वेळ उभे राहू.