स्वार एकीकडे, वाट दुसरीकडे

मोटारसायकलवर बसलेल्या एखाद्या तरुणाचे छायाचित्र मिरामारच्या किनाऱ्यावर घ्यावे, त्यातून तो तरुण त्याच्या गाडीसह अलगद वेगळा काढावा आणि लडाखच्या एखाद्या खिंडीत किंवा दूधसागराच्या धबधब्यासमोर नेऊन बसवावा, हे काम आज इतके सुलभ झाले आहे की त्याचे कोणास आश्चर्य वाटेनासे झाले आहे. आश्चर्य संपले म्हणून विचाराची गरज संपली असे मात्र आम्हांस वाटत नाही. जो स्वार त्या वाटेने कधी गेलाच नाही त्यास त्या वाटेवर दाखविणे हे असत्य होय काय? आणि असत्य असल्यास ते कोणाचे? चित्र करणाराचे, दाखविणाराचे, की चित्रात मुकाट्याने बसलेल्या त्या स्वाराचे? आपल्या महाजन मंडळींच्या घरांतील कित्येक मुले हा उद्योग हौसेने करतात, कोणी त्यावर चार पैसेही मिळवितात. म्हणून या प्रश्नाचा येथे थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

निवाडा करण्यापूर्वी हे काम कसे चालते ते नीट पाहिले पाहिजे. काम न पाहता उपदेश करणारास कारागीर मनातल्या मनात हसत असतो. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी १९८७ साली ज्याची घडण आरंभिली व जे १९९० साली विक्रीस आले, त्या फोटोशॉप नामक साधनाने हे काम बहुधा केले जाते. प्रथम स्वाराची कड कोरून घ्यावयाची. हेल्मेट आणि पेट्रोलची टाकी यांच्या कडा स्वच्छ असल्याने त्या लवकर सुटतात. खरा घाम फुटतो तो चाकाच्या आऱ्यांपाशी, कारण प्रत्येक दोन आऱ्यांमधून मागची जुनी जमीन डोकावत असते आणि ती फट न् फट मोकळी करावी लागते. मग तो स्वार नव्या देखाव्यावर वेगळ्या थराने ठेवावयाचा. येथे पहिली अडचण क्षितिजाची. सपाट जमिनीवर कॅमेरा स्वाराच्या छातीच्या उंचीवर धरला असेल तर क्षितिजाची रेषाही त्याच्या छातीवरूनच गेली पाहिजे. ती गुडघ्यावरून गेली की स्वार राक्षसासारखा दिसतो, डोक्यावरून गेली की खेळण्यासारखा.

त्यापुढे उजेड. एप्रिलच्या भर दुपारी किनाऱ्यावर घेतलेल्या चित्रात गाडीखाली काळीभोर, रेखीव सावली पडलेली असते. श्रावणातील दूधसागर मात्र ढगाआडच्या उजेडात न्हालेला, तेथे अशी सावली कोठून येणार? ती पुसून टाकावी लागते आणि तिच्या जागी टायर जेथे जमिनीस टेकतो तेथे एक मऊशी काळिमा घालावी लागते. ती नसली की गाडी अधांतरी तरंगते. पुष्कळदा छायाचित्र घेतलेले असते उभ्या गाडीचे, आणि दाखवावयाची असते धावती. मग स्टँड खोडावयाचा, जमिनीवर टेकलेला पाय उचलून पायटीवर ठेवावयाचा, आऱ्या गोलाकार पुसट करावयाच्या. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे पावणेदोन सेंटिमीटर सरकते, साठाव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर. शिवाय चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो आणि जमिनीस टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. स्थिर धरलेल्या कॅमेऱ्यास हा भेद दिसतो. तो ज्यास माहीत नाही त्याचे चित्र कोठेतरी खटकतेच. घाटातील वळणावर तर गाडी कलली पाहिजे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने जाणारा स्वार सुमारे २३ अंश कलतो, ६० ने गेल्यास ४३ अंश. किनाऱ्यावर सरळ बसलेला मुलगा तसाच उचलून चोर्ला घाटाच्या वळणावर ठेवला तर ज्यास गाडी चालविता येते तो पाहताक्षणी हसेल.

आणि शेवटी प्रतिबिंबे. हेल्मेटची काच, टाकीची चकाकी, पुढील दिव्याची गोल कड या साऱ्यांत मूळ जागा बारीक होऊन बसलेली असते. सभोवती लडाखचे उघडे डोंगर आणि हेल्मेटच्या काचेत मात्र माडांची रांग, असे चित्र आम्ही पाहिले आहे. टायरवर आपल्याकडील चिऱ्याची तांबडी धूळ तशीच असते, ती वेगळीच.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, या कामातील प्रत्येक पायरीवर कारागीर एकेका साक्षीदारास गप्प करीत असतो. सावली साक्ष देत होती, ती पुसली. स्टँड बोलत होता, तो खोडला. काचेतील माड शेवटपर्यंत खरे सांगत होते, तेही काढले. श्रम प्रामाणिक आहेत, दृष्टी सूक्ष्म आहे, पण श्रमांचा रोख मात्र 'हे कोणास कळू नये' याकडेच आहे. मूर्तिकाराचे कौशल्य वाढले म्हणून मूर्तीस जिवंत माणूस समजून कोणी फसत नाही. या कलेत मात्र हात जितका तयार तितका पाहणारा अधिक फसतो. गुण आणि दोष एकाच देठावर वाढतात, आणि म्हणूनच हा प्रश्न 'कला आहे, चालायचेच' एवढे म्हणून सुटत नाही.

आजचा काळच बिघडला, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांसही आमची एक विनंती आहे. छायाचित्रे जोडण्याची विद्या छायाचित्रणाइतकीच जवळजवळ जुनी आहे. १८५७ साली ऑस्कर रेयलँडर याने तीसहून अधिक काचा जोडून सदाचार आणि दुराचार यांचे दोन मार्ग दाखविणारे एक मोठे चित्र केले, आणि ते इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने विकत घेतले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच काचांतून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र सिद्ध केले. ती मुलगी वस्तुतः धडधाकट होती. आपल्या देशात तर नाथद्वाराचे चितारी यात्रेकरू कुटुंबांच्या छायाचित्रांतील मुखे कापून, श्रीनाथजींच्या दर्शनाच्या रंगविलेल्या देखाव्यात ती चिकटवून देत असत. सारे कुटुंब हात जोडून देवापुढे उभे! जत्रांतून फोटोवाल्यांचे तंबू असत. लाकडी विमान, लाकडी मोटारसायकल, मागे ताजमहालाचा पडदा. त्या लाकडी गाडीवर बसून आपल्यापैकी कितीकांच्या आजोबा-पणजोबांनी छायाचित्रे काढून घेतली असतील. त्यांस कोणी खोटारडे म्हटले नाही. पडद्यावरील घुमट थोडा वाकडा असे, खाली तंबूतील चटई दिसत असे, आणि ते वाकडेपणच सांगत असे की ही गंमत आहे. चित्राचा कबुलीजबाब चित्रातच होता.

तेव्हा जोडण्यात पाप नाही. दोष शिरतो तो चित्र साक्षीस उभे केले जाते तेव्हा. रंगविलेले चित्र 'मला असे वाटले' म्हणते. छायाचित्र 'असे होते' म्हणते, निदान पाहणारा तसे ऐकतो. २००३ साली इराकच्या युद्धात ब्रायन वॉल्स्की या अमेरिकन छायाचित्रकाराने बसराजवळ एका सैनिकाची व निर्वासितांची लागोपाठ घेतलेली दोन चित्रे जोडून एक केले. दोन्ही चित्रे खरी, जागा तीच, वेळ जवळजवळ तीच. तरी जोडचित्र वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आले आणि त्यातील काही माणसे दोनदा दिसत असल्याचे ध्यानात येताच त्याची नोकरी गेली. कोणाचे फारसे नुकसान झाले नव्हते, असे म्हणता येईल. पण वाचकास 'असे होते' म्हणून जे सांगितले गेले ते तसे कधीच नव्हते, आणि वृत्तपत्राजवळ विकण्यासारखे याखेरीज दुसरे काय असते?

उलट, खऱ्या छायाचित्रावरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. लडाखमधील खारदुंग ला खिंडीत १८,३८० फूट उंचीची पाटी वर्षानुवर्षे झळकत राहिली, आणि असंख्य स्वारांनी मोठ्या अभिमानाने त्या पाटीशेजारी गाडी उभी करून छायाचित्रे घेतली. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत ती खिंड सुमारे १७,५८० फूटच भरली. म्हणजे कॅमेरा खरा, स्वार खरा, खिंड खरी, आणि पाटी मात्र आठशे फुटांनी खोटी! छायाचित्र सांगू शकते ते एवढेच की हा मनुष्य येथे उभा होता. नेमकी तेवढीच गोष्ट जोडचित्रात नसते. आमच्या मते सारा विवेक येथे आहे. स्वारास नव्या देखाव्यात ठेवणे म्हणजे त्याच्या नावावर एक कृत्य लिहिणे होय. त्याने न केलेला प्रवास, न सोसलेली थंडी, न ओलांडलेला घाट. कायद्यानेही हे ओळखलेले दिसते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये संगणकातील अथवा मोबाईलमधील नोंद न्यायालयात मांडताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यावर जबाबदार माणसाची सही लागते. चित्राचा शब्द एकट्याने पुरत नाही.

नावावर लिहिलेले कृत्य नेहमी गौरवाचेच असते असेही नव्हे. आपल्या गोव्यात पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन भाडे मारणारे पायलट सर्वांच्या परिचयाचे आहेत. समजा, म्हापशाच्या स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्या एका पायलटाचे छायाचित्र कोणी पर्यटकाने घेतले, आणि पुढे कोणी त्यास उचलून मद्याच्या दुकानासमोर किंवा एखाद्या पक्षाच्या मिरवणुकीत नेऊन बसविले. पाहणारे सारे जाणते असतील, कोणी फसणारही नाही कदाचित. तरीही त्या माणसाचा अपराध घडलाच. त्यास कोणी विचारले नाही. उद्या स्टँडवरचे सोबती थट्टा करतील, घरी बायको खुलासा मागेल, आणि आपण जेथे गेलोच नाही तेथे गेलो नव्हतो हे सिद्ध करण्याचे काम त्याच्या गळ्यात पडेल. गेल्याचे सिद्ध करणे सोपे. न गेल्याचे सिद्ध करणे फार कठीण. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच शब्दांत मागणी केली की देखावा आपोआप भरून निघतो. त्यामुळे पूर्वी चार तासांच्या श्रमात मनुष्यास मध्येच जी लाज वाटण्याची संधी मिळे, तीही आता उरलेली नाही.

लग्नाच्या छायाचित्रातील चेहऱ्यावरचा डाग काढतात त्याचे काय, असे आमचे मित्र विचारतात. ते वेगळे आहे. डाग काढल्याने वर मांडवातून दुसरीकडे जात नाही.

आता ज्या उदाहरणामुळे हा विषय आमच्या मनात घोळू लागला ते सांगतो. आमच्या परिचयाच्या एका घरातील तरुण मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला. लडाखला मोटारसायकलने जावयाचे त्याने ठरविले होते, त्यासाठी पैसे साठविले होते. वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याच्या मित्रांनी त्याचे एक जुने छायाचित्र घेतले. त्यात तो घरामागील कुळागराच्या कडेला गाडीवर बसलेला आहे, हेल्मेट पुढ्यात टाकीवर ठेवलेले आहे, चेहरा हसरा आहे. त्या मित्रांनी त्यास लडाखच्या डोंगरांत नेऊन बसविले. चौकट करून ते भिंतीस लावावे असा त्यांचा विचार. आईस ते फार आवडले. वडिलांनी मात्र ते हातातही धरले नाही. 'जेथे तो पोचला नाही तेथे त्याला पोचलेला मी का पाहू?' असे ते म्हणाले. प्रकरण आमच्या वडिलांपर्यंत आले. त्यांनी सांगितले की पोथीत छायाचित्राचा विचार केलेला नाही, तेव्हा तुम्ही घरातच बसून ठरवा.

आम्ही या घरात आईच्या बाजूने आहोत. ज्याच्या नावावर प्रवास लिहिला जात आहे त्याचीच ती इच्छा होती. पाहणाऱ्या प्रत्येकास तो गेला नव्हता हे ठाऊक आहे. कोणास कसला लाभ नाही. नाथद्वाराच्या चित्रांतील हात जोडलेल्या कुटुंबाहून यात वेगळे काय आहे? परंतु एक शंका आमची पाठ सोडीत नाही. आज सर्वांस ठाऊक आहे, ते वीस वर्षांनी कोणास ठाऊक असेल? त्या घरातील आज पाळण्यात असलेली मुले मोठी होतील आणि आल्यागेल्यास सांगतील, 'आमचे काका लडाखला गेले होते, हा पाहा त्यांचा फोटो.' ती खोटे बोलत नसतील. मित्रही खोटे बोलले नव्हते, आईही नाही. असत्य कोणीही न बोलता त्या भिंतीवर हळूहळू तयार होईल. चित्र टिकते, ते निर्दोष ठेवणारी जाण मात्र माणसांबरोबर जाते. आणि मग वडिलांच्या नकारातही एक गोष्ट दिसू लागते: त्यांचा मुलगा निघायचा राहून गेला, ही गोष्टही त्याच्याच आयुष्यातील आहे, आणि चित्र ती झाकून टाकते.

म्हणून चित्राखाली, चौकटीच्या आत, दिसेल अशी एक ओळ असावी असे आमचे म्हणणे आहे: छायाचित्र अमुक साली घरी घेतले, देखावा मित्रांनी मागाहून जोडला. मित्रांस हे रुचले नाही. ओळीने शोभा जाते म्हणतात. मागील बाजूस लिहू, असे ते म्हणाले. भिंतीस टेकलेली बाजू कोण वाचतो? चौकट फुटेल तेव्हा वाचतील. हेल्मेटच्या काचेत कुळागरातील माड अद्याप दिसत होते, ते काढावयास मित्र निघाले तेव्हा आईनेच त्यांस थांबविले; ते आपल्या घरचे आहेत, राहू द्या, म्हणाली. ते तसेच आहेत. खालच्या ओळीविषयी त्या घरात अजून एकमत झालेले नाही, आणि चित्र तूर्त कपाटात आहे.