बंधन आणि आकार

समाज हें एक शरीर आहे, ही उपमा आपल्याकडे फार जुनी. पुरुषसूक्तांत ती आहे. पाश्चात्यांत हर्बर्ट स्पेन्सर यानें एकोणिसाव्या शतकांत तिचाच विस्तार केला. उपमेमागून उपदेशहि येतो : शरीरांत ज्याची त्याची जागा ठरलेली, म्हणून समाजांतहि मनुष्यानें आपली जागा सोडूं नये. ज्या शरीराकडे हे उपदेशक बोट दाखवितात तें खरोखर तसें आहे काय, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

त्वचा काय, आंतड्याचें अस्तर काय, हे एकमेकींस चिकटलेल्या पेशींचे पापुद्रे होत. पेशींना जोडणारी एक यंत्रणा कॅल्शियमवर अवलंबून असते, हें जपानांतील मासातोशी ताकेइची यांनीं १९७७ सालीं दाखविलें. तिच्यांतील प्रथिनास पुढें ‘कॅड्हेरिन’ हें नांव मिळालें. त्याचें एक टोक शेजारणीच्या तशाच टोकाशीं गुंततें. दुसरें टोक पेशीच्या आंत, कॅटेनिन नांवाच्या प्रथिनांमार्फत, ॲक्टिनच्या तंतूंशीं बांधलेलें असतें. तंतु आखडले कीं ओढ शेजारणीस पोंचते. गर्भाच्या पाठीवरील सपाट पापुद्रा वळून त्याची नळी होते, आणि त्या नळीचा पुढें मेंदू व मज्जारज्जु बनतो, त्यांत या ओढीचा मोठा वांटा असतो. एकटी पेशी कितीहि आखडली तरी तिची नळी होणार नाहीं. उलट, हें प्रथिन बिघडलें म्हणजे काय होतें तें १९९८ सालीं न्यूझीलंडमधील माओरी कुळांत दिसून आलें : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जठराच्या कर्करोगाचें मूळ कॅड्हेरिनच्याच एका जनुकदोषांत सांपडलें.

येथवर उपदेशकांचा जय झालासा वाटेल. परंतु फळमाशीच्या गर्भांत पेशींचा एक पट्टा कांहीं तासांतच दुपटीहून लांब होतो, आणि तो मुख्यत्वें शेजार बदलून. दोन पेशींमधील सामाईक कड आखडत आखडत बिंदुवत्‌ होते, आणि तेथेंच दुसऱ्या दोन पेशींमध्यें नवी कड उघडते. सांधे सुटतात, पुन्हां बांधले जातात. पापुद्रा मात्र फाटत नाहीं. जागा जर कायमची ठरलेली असती, तर त्या गर्भाला आकारच आला नसता.

मग यावरून आम्हीं उलट उपदेश काढावा काय? तसें करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आंतड्याच्या अस्तरांतील बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत गळून पडतात व शेजारणी ती जागा सांधून घेतात. म्हणून वृद्धांना घराबाहेर घालावें, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पेशीला अपमान कळत नाहीं, मनुष्याला कळतो. ज्या बंधनांत तो राहतो तें सोडण्याची व पुन्हां बांधण्याची मुभा त्याला आहे कीं नाहीं, हा प्रश्न म्हणूनच त्याच्यापुरता नीतीचा होतो, आणि त्याचें उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडणार नाहीं. मनुष्याची जागा जन्मानेंच ठरावी असें ज्यांचें म्हणणें असेल, त्यांनीं तें न्यायाच्या कसोटीवर सिद्ध करून दाखवावें. शरीराची साक्ष त्यांच्या बाजूनें नाहीं.