ताटातले अन्न आणि पोटातली भूक

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणपुत्र भृगू तप करून प्रथम अन्नालाच ब्रह्म, म्हणजे सर्व अस्तित्वाचे मूळ, म्हणून ओळखतो, आणि प्राण, मन, विज्ञान व आनंद या पुढच्या पायऱ्या चढून झाल्यावरही अन्नाची निंदा करू नये, ते टाकू नये, असे व्रत तीच वल्ली सांगते. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायाचा भर मात्र युक्ताहारविहारावर, म्हणजे खाणे आणि हालचाल यांतील प्रमाणावर आहे. अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही.

सहा वर्षांच्या मुलाला ही दोन्ही तत्त्वे एकाच ताटावर शिकवायची असतात, आणि खरी अडचण तेथेच आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत, ते योग्यच आहे. पण मटकीची उसळ काठाला सारून पोट भरल्याचे सांगणाऱ्या मुलाला ताट स्वच्छ करण्यासाठी दटावले, तर अन्नाचा मान राहतो आणि भुकेची जाण बोथट होते. त्यापेक्षा आधी अर्धाच डाव वाढावा आणि पुन्हा मागण्याची मोकळीक द्यावी, म्हणजे अन्नही वाया जात नाही आणि आपले प्रमाण मूल स्वतः ओळखू लागते.

व्यायामाचेही तसेच आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून रुजवले ते नित्योपासना म्हणून. उशिरा आलेल्या मुलाला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणारी शाळा मात्र त्याच धावण्याला दंडाचे रूप देते, आणि हा मुलाच्या शरीरावर केलेला अन्यायच होय.