मूळ आणि अस्सल

एखादी वस्तू 'तीच' आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ घोळविला आहे; आणि व्यवहारी मनुष्य तो त्यांच्याकडेच सोपवून आपल्या कामास लागतो. परंतु केव्हा केव्हा हा प्रश्न बाजारात येतो, त्याला किंमत चढते, आणि मग तो न्यायासनापुढे उभा राहतो. १९९० साली लंडनच्या हायकोर्टात असे घडले. वाद एका जुन्या इंग्रजी शर्यतीच्या मोटारीचा होता. तथापि त्यातून निघालेला विचार मोटारीपुरता नाही असे आम्हांस वाटते, म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

बेंटली कंपनीच्या 'स्पीड सिक्स' जातीच्या एका गाडीस 'ओल्ड नंबर वन' हे नाव पडले होते. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तास अखंड चालणारी शर्यत होते. १९२९ साली वुल्फ बार्नाटो व हेन्री बर्किन यांनी, आणि १९३० साली बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांनी, ह्या गाडीवर ती जिंकली. पुढे गाडीचे रूप पालटत गेले. १९३२ साली तिची चॅसी, म्हणजे सांगाडा, बेंटलीच्या चार लिटर जातीची होती आणि एंजिन आठ लिटरचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रुकलंड्स येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत ती उंच बांधलेल्या वळणावरून बाहेर फेकली गेली व तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यू पावला. मोडलेली गाडी पुन्हा बांधण्यात आली. अठ्ठावन्न वर्षांनी तिचा एक कोटी पौंडांस सौदा झाला. आणि सौदा झाल्यावर खरेदीदार म्हणू लागला, की ही ती गाडीच नव्हे.

मग सुरू झाला तो इतिहासाचा शोध. प्रत्येक शर्यतीनंतर गाडीचे काय उघडले, काय मोडले, काय नवे घातले, ह्याची छाननी झाली. तज्ज्ञाची साक्ष अशी पडली, की १९२९ च्या गाडीपैकी, ज्यांचा काळच ठरविता येत नाही अशा किरकोळ जोडण्या सोडल्यास, काहीही उरलेले नाही. १९३० च्या गाडीपैकी पेडलचा दांडा, गियरपेटीचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच उरले आहे. १९३२ च्या गाडीचे मात्र सांगाडा, एंजिन, पुढचा आस इत्यादी पुष्कळ भाग शाबूत आहेत. इतके असूनही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा: ही गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती नक्कलही नव्हे. कारखान्यातून प्रथम बाहेर पडल्यापासून तिच्या इतिहासात खंड पडलेला नाही, म्हणून ती 'अस्सल' आहे.

मूळ आणि अस्सल हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. येथे ते वेगळे झाले. 'मूळ' हा शब्द द्रव्याविषयी बोलतो, 'अस्सल' हा परंपरेविषयी. हा भेद आपल्याकडे नवा नाही. मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदास विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे कोण? आस रथ की चाके रथ? एकेक भाग वेगळा काढला तर रथ कोठेच सापडत नाही. रथ हा केवळ व्यवहाराचा शब्द ठरतो. पण त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांतही आहे. पहिल्या प्रहरीची ज्योत शेवटच्या प्रहरी नसते, तरी दिवा दुसरा झाला असे कोणी म्हणत नाही. इंग्रज न्यायमूर्तींनी निर्णय दिला तो ह्या दिव्याच्या न्यायाने, असे म्हणावयास हरकत नाही.

कोणी म्हणेल, सोयीसाठी काढलेली ही वाट आहे; सगळे बदलूनही तेच राहते असे म्हटले की कोणत्याही लबाडास मोकळे रान मिळेल. आक्षेप खरा आहे. परंतु शर्यतीच्या गाडीचे भाग बदलतात ते ती धावते म्हणून. ज्या गाडीचा एकही भाग बदललेला नाही ती बहुधा शर्यतीत फारशी उतरलेलीच नसते. तेव्हा बदल हा दोष नव्हे. बदल लपविणे हा दोष आहे. भाग बदलल्याने वस्तू परकी होत नाही, पण बदल लपविल्याने, ती 'तीच' आहे असे सांगण्याचा आपला अधिकार मात्र जातो.

असला प्रश्न पाहावयास ब्रुकलंड्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात ज्याचा 'तगर' म्हणून उल्लेख येतो तेच हे. तेथील त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिराचा मागील भाग गजपृष्ठाकार आहे. तो मूळचा बौद्ध चैत्य असावा, असे मत हेन्री कझन्स यांनी मांडले. पुढचा मंडप मागाहून जोडलेला आहे. आज तेथे विष्णूची पूजा होते. हे पहिल्यापासून विष्णुमंदिरच होते असे म्हणणे जितके एकांगी, तितकेच हे मंदिरच नव्हे असे म्हणणेही एकांगी आहे. त्या विटांस न्याय द्यावयाचा तर सारी हकीकत सांगितली पाहिजे.

खुद्द जिल्ह्याचेच पाहा. १९८२ साली त्यातून लातूर वेगळा झाला. २०२३ साली उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे जुने नाव अधिकृत झाले. गाडीचे भाग गेले आणि नाव राहिले. येथे काही भाग गेला, नाव गेले, आणि तरी जिल्हा तोच आहे. पण एखाद्यास आजोबांच्या जमिनीचा कागद शोधावयाचा असेल, तर त्यास मधल्या काळाचे नाव गाळून चालत नाही. मधले नाव पुसले की कागदाचा धागाच तुटतो.

आता आम्हांस जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे त्याकडे वळतो. त्या गाडीस किंमत आली ती १९२९ व १९३० च्या विजयांमुळे. पण साक्षीकडे पुन्हा पाहिले तर काय दिसते? विजयी गाडीचे जवळजवळ काहीच उरले नाही. जे उरले आहे ते बव्हंशी त्या गाडीचे, जिच्यात एक मनुष्य प्राणास मुकला. नाव विजयाचे, द्रव्य अपघाताचे. ज्या अखंडतेच्या बळावर मालक ल मांचे यश मागतो, तीच अखंडता त्याच्या हाती ब्रुकलंड्सचे मरणही ठेवते. एक घेऊन दुसरे टाकावयाचे म्हटले तर मधली दोन वर्षे तोडावी लागतील. आणि ती तोडली की यशावरचा हक्कही त्यांबरोबर जाईल.

मनुष्यांच्या आणि घराण्यांच्या बाबतीत आम्ही हे नेहमी विसरतो. पूर्वजांपैकी कोणी विद्वान झाला, कोणी दाता झाला, त्याचे नाव आम्ही दिवाणखान्यात लावतो. त्याच घरात एखाद्या विधवेची जमीन बुडविली गेली असेल, एखादा गडी पाण्याच्या घोटासाठी अंगणाबाहेर तिष्ठत उभा राहिला असेल, तर तेव्हा मात्र आम्ही म्हणतो, 'ती माणसे वेगळी, तो काळ वेगळा.' काळ वेगळा होता हे खरे. पण मग विद्वान पूर्वजाचा काळही वेगळाच होता. आम्ही त्यांच्यासारखे 'मूळ' नाही; आमचे विचार बदलले, आचार बदलले, आणि बरेचसे बदलले हे फार चांगले झाले. तरीही आम्ही त्या घरचे आहोत असे म्हणावयाचे असेल, तर यशाबरोबर ऋणही आमचे आहे. आणि ऋण फेडता येत नसेल तेथे निदान ते वहीतून खोडू नये.

त्या गाडीचा इतिहास शोधणाऱ्यांनी तिचे काही नुकसान केले असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी तिच्यापासून 'मूळ' हे विशेषण काढून घेतले, आणि 'अस्सल' हे दिले. पहिले न वापरता जपून ठेवलेल्या वस्तूसही लाभते. दुसरे, जी धावली, मोडली, पुन्हा उभी राहिली, आणि जिची सारी हकीकत, बरी आणि वाईट, कोणापासून लपविली गेली नाही, तिलाच शोभते.